जिभेतली गाणी

दाजींना गाण्यातलं काही कळत नसे, आणि बहरीनमधल्या मनामाच्या बाजारातलं आमचं कॅसेटचं दुकान मात्र त्यांच्याच जिवावर चालत असे. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदल्या हे मला अजून उलगडलेलं नाही. त्यांचं खरं नाव मी सांगत नाही. पुतणे आता मोठ्या हुद्द्यांवर आहेत, त्यांना वाईट वाटेल. आम्ही मराठी माणसं दाजी म्हणायचो, बहरीनी गिऱ्हाइकं अबू कॅसेट म्हणायची, आणि दोन्ही हाकांना ते सारख्याच उशिरानं ओ द्यायचे.

सत्तरचं दशक संपता संपता मी साताऱ्याहून त्या दुकानात हिशेब आणि टायपिंग करायला आलो. पहिल्याच दिवशी पाहिलं तर काउंटरमागे एक बुटका, जाड भुवयांचा माणूस नवी कोरी कॅसेट नाकाला लावून डोळे मिटून उभा. मला वाटलं काही पूजाबिजा चालली असेल. "दमट आसा," असं म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली आणि दुसरी हुंगायला घेतली. दाजी मालवणजवळच्या एका गावातले. मुंबईत रेडिओदुरुस्ती शिकले, मग इथं आले, पण बोलणं गावातून हललं नाही. समोर अरब असो, इंग्रज असो की माझ्यासारखा घाटी, ते मालवणीतच सुरू करायचे आणि अगदी अडलं तर हातवारे करायचे. इंग्रजी त्यांना तीनच वाक्यं येत होती: 'सेम टू सेम', 'ओरिजिनल' आणि 'नो गॅरंटी'. तिसरं ते पहिल्या दोहोंनंतर लगेच म्हणत.

त्या काळात कॅसेटवर कॅसेट उतरवून विकणं हा राजमान्य धंदा होता. मागच्या खोलीत डेक ओळीनं मांडलेले असत आणि दिवसभर कोणी ना कोणी तिथं चक्राकार गात असे. दाजींनी गाण्यांची विभागणी स्वतःच्या पद्धतीनं केली होती. हिंदी सिनेमाची गाणी नाकातली. अरबी गाणी पोटातली. इंग्रजी नाचाची गुडघ्यातली. फळ्यांवर तशा चिठ्ठ्याही होत्या, देवनागरीत: नाक, पोट, गुडघे. दुकानाचा मालक बहरीनी होता, त्याला आम्ही अरबाब म्हणायचो. त्या चिठ्ठ्या म्हणजे कंपन्यांची नावं आहेत अशी त्याची बरीच वर्षं समजूत होती.

गिऱ्हाइकानं मागितलं ते देणं दाजींना कमीपणाचं वाटे. एकदा एका गोऱ्या बाईनं हळुवार पियानो मागितला. दाजींनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि तिच्या हातात अरबी लग्नातल्या ढोलांची कॅसेट ठेवली. मी माफी मागायला पुढे सरसावलो, पण बाई निमूट पैसे देऊन गेली. पुढच्या आठवड्यात आली ती तसल्याच आणखी न्यायला. मी दाजींना विचारलं, हे कसं कळलं?

"बाई घरात भांडान इली होती," ते म्हणाले. "तिका पियानो कित्याक? तिका ढोल होयो होतो."

नेहमीच असं जमे असं नाही. एका म्हाताऱ्या केरळी गृहस्थांना त्यांनी भजनांऐवजी असं काही दिलं, की ते परत दुकानात आले तेव्हा सोबत दोन मुलगे होते. दाजी त्यांना शांतपणे म्हणाले, "नो गॅरंटी."

ऐंशीनंतरची गोष्ट. एका दुपारी अमेरिकन जहाजावरचा एक खलाशी दारातून वाकून आत आला. उंच, काळा, खांदे असे की दुकान एकदम लहान वाटायला लागलं. त्याची कॅसेट यंत्रात गुंतली होती, आतड्यासारखी टेप बाहेर आलेली. दाजींनी कानावरची पेन्सिल काढली, टेप सोडवली, इस्त्री करावी तशी बोटांनी सरळ केली, गुंडाळली आणि बरी झाली का बघायला मोठ्या डेकमध्ये घातली.

ढोलाचा एक ठोका आला. मग तोच ठोका पुन्हा. आणि त्यावर एक माणूस नुसता बोलत सुटला. सूर नाही, आलाप नाही, दोन कडव्यांमध्ये व्हायोलिनं नाहीत. मला वाटलं टेप खराब झाली. बघतो तर दाजींची मान हलायला लागलेली. नऊ-दहा वर्षं गाण्यांच्या ढिगात उभा असलेला माणूस, त्याची मान मी कधी हललेली बघितली नव्हती.

"ह्येका इचार," ते मला म्हणाले, "तो कोणावर चिडलोहा काय?"

मी इंग्रजीत विचारलं. खलाशी हसला. म्हणाला, चिडलेला नाही, तो आपल्या गल्लीत काय चाललंय ते सांगतोय. लिफ्ट बंद आहे, कचरा उचलत नाहीत, पोलीस उगाच थांबवतात, आणि तरीही माझ्यासारखा हुशार इथं दुसरा नाही.

मी हे दाजींना मराठीत सांगितलं. त्यांनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले.

"म्हंजे ही गजाल आसा," ते म्हणाले. "गाणा नाय. ह्यो मेलो तालात गजाली मारता."

गजाल म्हणजे त्यांच्याकडच्या पारावरच्या गप्पा. कोणाची म्हैस कुठं गेली, सरपंच कोणाला घाबरतो, कोणाच्या जावयाला काय येत नाही, हे सगळं तिखटमीठ लावून आणि समोरच्याला न सोडता. मी ते खलाशाला कसंबसं समजावलं. दाजी मध्येच त्याच्याकडे बोट करून, मग स्वतःच्या छातीकडे बोट करून म्हणाले, "सेम टू सेम. माजो गाव." खलाशी इतका खूष झाला, की त्यानं ती कॅसेट उतरवून घ्यायला तिथंच ठेवली, आणि मग प्रत्येक वेळी जहाज लागलं की मित्रांकडच्या घेऊन यायचा. फळीवर चौथी चिठ्ठी लागली: जीभ.

त्या फळीचं गिऱ्हाईक म्हणजे खलाशी आणि काही वाया गेलेली म्हणून ओळखली जाणारी बहरीनी पोरं. बाकी कोणी चुकून विचारलं, तर दाजी ते गाणं लावून त्याचा अर्थ सांगत. इंग्रजी न कळणारा माणूस, इंग्रजी गाण्याचा अर्थ, मालवणीत, अरबाला. एकदा त्यांनी एका गाण्याचं रेशनच्या रांगेवर रसाळ निरूपण केलं. मी जरा लक्ष देऊन ऐकलं तर गाणं नव्या बुटांवर होतं. तसं त्यांना सांगितलं.

"बूट रेशनार गावले असतले," दाजी म्हणाले.

अरबाबला ही फळी अजिबात आवडत नव्हती. भला माणूस होता, स्वतः ऊद, म्हणजे त्यांच्याकडचं तंतुवाद्य, बरं वाजवायचा. तो कानांवर हात ठेवून म्हणायचा, "दाजी, हादा मफी मुसिका. हादा कलाम. बस कलाम." हे संगीत नाही, नुसतं बोलणं आहे. दाजी मान डोलवायचे, कारण त्यांचंही म्हणणं तेच होतं. शेवटी अरबाबनं हुकूम सोडला, की या सगळ्या टेपा पुसा आणि त्यांवर सिनेमाची गाणी भरा. दाजी म्हणाले, "इंशाल्ला." आमच्या दुकानात या शब्दाचा अर्थ 'मुळीच नाही' असा होता आणि तो अरबाबनंच शिकवला होता. सगळ्या टेपा नईम मोहल्ल्यातल्या आमच्या खोलीत दाजींच्या पलंगाखाली गेल्या.

त्या खोलीत आम्ही तिघं राहायचो: दाजी, मी आणि वसंत. वसंत दाजींच्या शेजारच्या गावचा, एका बांधकाम कंपनीत ड्रायव्हर. खोलीत गाणं लावायला बंदी होती. दिवसभर राबलेल्या कानांना रजा पाहिजे असं दाजींचं म्हणणं. फक्त शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी सकाळी, ते पलंगाखालचा खोका ओढत आणि डेक घेऊन बसत. त्यांना बोलण्याच्या मधला नुसता ठोका पाहिजे असे. तेवढा तुकडा उतरवायचा, पॉजचं बटण दाबायचं, टेप मागं न्यायची, पुन्हा तोच तुकडा जोडायचा. सकाळभर हे चाले. शेवटी हातात येई ती न संपणारी ढोलाची कॅसेट, आणि तिच्यावर दाजी गजाली मारत. वसंताच्या डोईवरच्या तेलावर, माझ्या सातारी भाकरीवर, कोणालाच न लागणाऱ्या आमच्या दाराच्या कडीवर. वसंत हसून हसून गादीवर लोळायचा. मी पण हसायचो, भाकरीचं कडवं सोडून.

मग एका वर्षात कधीतरी वारं फिरलं. कुठून फिरलं ते मला सांगता येणार नाही; मी हिशेब लिहीत होतो. जिदहफ्सच्या बाजारात फ्रीजचं खोकं उलगडून पोरं त्यावर डोक्यावर फिरायला लागली. टीव्हीवर सरबताच्या बाटलीची जाहिरात आली, तीत बाटली स्वतःच तालात बोलायची. सलमानियाच्या हॉस्पिटलात मी रक्त द्यायला गेलो, तर सुई घेतलेला माणूस तोंडानं ढोल वाजवत माझी शीर शोधत होता. समुद्रावरचा पूल झाला आणि दर आठवड्याला सौदीहून गाड्या भरून गिऱ्हाईक यायला लागलं. प्रत्येकाच्या तोंडी एकच मागणी.

एके सकाळी अरबाब धावतच आत आला. "दाजी, वेन कलाम?"

बोलणं कुठं आहे म्हणून तो विचारत होता. दाजी खोलीवर गेले आणि खोका घेऊन आले. संध्याकाळपर्यंत चौथी फळी रस्त्याकडच्या काचेत मांडली गेली, वर रंगीत दिवे. नंतर बाहेरून छापील वेष्टनातल्या तयार कॅसेट यायला लागल्या. गिऱ्हाईक नाव घेऊन मागायचं, पैसे टाकायचं, जायचं. अर्थ विचारायला कोणी थांबेना. धंदा चौपट झाला आणि दाजी दिवसेंदिवस चिडखोर होत गेले.

"कालपर्यंत ह्येच्यावर लोक थुंकत होते," ते काचेकडे बघून म्हणाले. "तेवा बरा होता. थुंकूक तरी थांबत होते."

त्याच सुमाराला वसंताचं लग्न अडलं. मुलगी कुडाळकडची, ठरून वर्ष झालेलं. दोनदा तारीख काढली आणि दोनदा पुढं ढकलली, कारण वसंताचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता आणि साहेब सोडत नव्हते. हे साहेब म्हणजेच आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. इंजिनियर, कंपनीचे मॅनेजर, कायम कोट घातलेले. त्यांचं मराठी इतकं इस्त्रीचं होतं, की ते पुण्याचे आहेत हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं आणि त्यांनीही कधी कोणाला दुरुस्त केलं नव्हतं. कामगारांचे पासपोर्ट आपल्याकडे असणं हे ते कामगारांवरचे उपकार समजत.

दाजी मला आणि वसंताला घेऊन सरळ त्यांच्या ऑफिसात गेले. साहेबांनी चहा मागवला, बसायला सांगितलं.

"दाजी, प्रोजेक्ट हँडओव्हर होऊ दे," ते म्हणाले. "आत्ता एकाला सोडलं की दहा जण रांग लावतील. आणि पासपोर्ट सेफ आहे. मुलगी काही पळून जात नाही."

"ता तुमी तिच्या बापाशीक विचारलास काय?" दाजींनी विचारलं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "बघतो. इंशाल्ला."

आम्ही तिघं उठलो. तो शब्द ऐकल्यावर बसण्यात अर्थ नव्हता. खाली गाडीत बसल्यावर वसंतानं किल्ली लावली आणि तसाच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मुलीच्या बापानं निरोप पाठवला होता, की या महिन्यात नवरा आला नाही तर दुसरं स्थळ तयार आहे. दाजी पुढच्या सीटवर होते. ते डॅशबोर्डवर बोटांनी शुक्रवारचा ठोका वाजवत होते.

मंडळाचा गणेशोत्सव एका शाळेच्या हॉलमध्ये असे. लाउडस्पीकर आमच्या दुकानाचे, म्हणून दाजी आणि मी ध्वनिव्यवस्थेला. पुढच्या रांगांत बँकवाले, इंजिनियर आणि त्यांच्या बायका. मागं ड्रायव्हर, सुतार, वायरमन. पाहुणे म्हणून एक वयस्क बहरीनी व्यापारी होते, साहेबांच्या कंपनीला कामं देणारे. त्यांना मराठीचा गंध नव्हता, पण मोदक आवडले होते. आभार मानायचं काम दरवर्षी एका बँक अधिकाऱ्याकडे असे. त्या वर्षी त्यांनी कार्यक्रमात पल्लेदार तानांचं नाट्यगीत म्हटलं आणि त्यातच त्यांचा घसा बसला. अध्यक्ष विंगेत आले.

"दाजी, तुम्ही माईकपाशी आहातच. दोन मिनिटं नावं वाचा, खलास."

"वाचतंय," दाजी म्हणाले. आणि सफारीच्या खिशातून एक कॅसेट काढून माझ्या हातात दिली. ती शुक्रवारची ढोलाची होती. "मी बोट वर केलंय की लाव."

त्यांच्या मनात काय आहे ते मला तेव्हा कळलं. अरबाब आणि अध्यक्ष एकमेकांच्या घरी जाणारे. एक फोन, आणि दाजींचा व्हिसा संपला असता. मी म्हणालो, "दाजी, नको. तुमची नोकरी जाईल."

"माजी गेली तर माका नवरी नाय वाट बघणारी," ते म्हणाले आणि स्टेजवर चढले. त्यांनी बोट वर केलं. मी बटण दाबलं.

ठोका सुरू झाल्यावर पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दाजींनी माईक तोंडाजवळ घेतला, ज्या आवाजात ते गिऱ्हाइकांशी बोलत त्याच आवाजात:

"आभार मानतंय, आभार मानतंय,
कोणाचे कसले, सगळा जाणतंय.
हॉल दिल्यानी, तेंचे आभार,
पंखो फिरणा नाय, तरी आभार.
गाणा म्हटल्यानी, तेंचे आभार,
गळो बसलो, गळ्याचे आभार."

मागं हशा पिकला. बँक अधिकारी पण हसले, आवाज न येता. दाजी पुढं सरकले.

"अध्यक्षांचे आभार मोठे,
तेंच्या कपाटात आमचे फोटे.
फोट्यार शिक्को, शिक्क्यार कुलूप,
चावी खिशात गुपचूप गुपचूप.
वसंताची नवरी दारात उबी,
बापूस शोधता दुसरी छबी.
साहेब म्हणतत, पासपोर्ट सेफ.
पासपोर्ट सेफ, नवरोय सेफ,
नवरी तेवडी उरली नाय सेफ."

हॉल गार पडला. ढोल मात्र चालूच. माझं बोट बटणावर होतं आणि ते उचलावं की दाबावं हे मला कळेना. तेवढ्यात अगदी मागच्या रांगेतून कोणीतरी ठोक्यावर टाळी वाजवली. मग शेजाऱ्यानं. बघता बघता मागचा अर्धा हॉल तालात टाळ्या देऊ लागला आणि "पासपोर्ट सेफ, नवरोय सेफ" असं म्हणू लागला. पाहुणे शेखसाहेब खूष. सरबताच्या जाहिरातीमुळे हा प्रकार त्यांना नातवंडांच्या तोंडून माहीत होता. ते पण टाळ्या वाजवत अध्यक्षांकडे वळले आणि इंग्रजीत विचारलं, "काय म्हणतोय हा?"

अध्यक्षांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. कोटाच्या कॉलरपासून कानापर्यंत रंग चढत गेला.

"माझे आभार मानतोय," ते म्हणाले.

"मग उठा की," शेखसाहेब म्हणाले. "आभार उभं राहून घ्यावेत."

अध्यक्ष उठले. हात जोडले. सगळा हॉल "नवरोय सेफ" म्हणत होता आणि ते हात जोडून चारी दिशांना वळत होते. मी आयुष्यात कोणाचा इतका जाहीर सत्कार पाहिला नाही.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी आम्ही फोनची वाट बघत काढली. दाजी नेहमीसारखे कॅसेट हुंगत होते, फक्त एकच कॅसेट त्यांनी तीन वेळा हुंगली. अरबाबचा फोन आला नाही. वसंताला मात्र ऑफिसात बोलावणं आलं. क्लार्कनं पासपोर्ट आणि तिकीट पुढं सरकवलं. वसंत गेला, लग्न झालं, आणि दोन महिन्यांनी त्याच कंपनीत गाडी चालवायला परत आला. येताना दाजींना फणसपोळी आणि बायकोचा फोटो घेऊन आला. दाजींनी फोटो निरखून पाहिला. "ह्या चेडवासाठी मी व्हिसा घालवणार होतंय," ते म्हणाले. "बरा झाला नाय घालवलंय तो. नाक तुज्यापेक्षा बरा आसा पण."

आता खरी गंमत. पुढच्या वर्षी पडदा उघडला तर स्टेजवर स्वतः अध्यक्ष. कोट होताच. डोळ्यांना काळा चष्मा, डोक्यावर उलटी टोपी आणि गळ्यात पत्नीची मोहनमाळ. शेखसाहेबांना गेल्या वर्षीचा प्रकार फार आवडला होता आणि पुन्हा होणार का म्हणून त्यांनी विचारलं होतं. तेव्हा मंडळाच्या सांस्कृतिक समितीनं ठराव करून हा आयटम बसवला होता. ढोल आमचाच, बटणावर मीच. अध्यक्ष म्हणाले, "वेलकम वेलकम, पाहुणे वेलकम, आमचं मंडळ नंबर एकम." पुढच्या रांगा उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. मागच्या रांगांतले लोक दाराकडे चहा कुठवर आला ते बघत होते. मी दाजींकडे पाहिलं. मला वाटलं, रागावतील. पण ते अगदी कौतुकानं बघत होते, शेजाऱ्याचं पोर पहिल्यांदा सायकलवर बसलंय तसं.

"मोहनमाळ बरी दिसता," ते म्हणाले.

कार्यक्रमानंतर अध्यक्षांच्या पत्नी दाजींना शोधत आल्या. म्हणाल्या, मुलांना हल्ली शाळांतून हे शिकवतात, विलायतेत तर फारच. दर शुक्रवारी आमच्या बंगल्यावर मंडळाच्या मुलांचा वर्ग घ्याल का, विषय 'माझं घर'. मला वाटलं दाजी इंशाल्ला म्हणणार. ते म्हणाले, "येतंय."

ती मुलं सगळी इंग्रजी शाळेतली. मराठी कळायचं, पण विचारलं की उत्तर इंग्रजीत. दाजींना इंग्रजी येत नाही हे त्यांना खोटंच वाटायचं. दाजींनी ना पुस्तक काढलं ना पाठांतर दिलं. डेक लावायचे आणि म्हणायचे, "घरात जा दिसता ता सांग. माका कळात असा सांग." काही आठवडे नुसता गोंधळ झाला. मग मुलांनी पकडलं. त्यांना दुसरं मराठी धड येत नसल्यामुळे दाजींचंच आलं. बँकवाल्यांची, इंजिनियरांची, पुण्याची, नागपूरची मुलं, आणि सगळी अस्सल मालवणीत.

आईवडिलांना दाखवायचा शुक्रवार ठरला. बंगल्याच्या हॉलमध्ये गालिच्यावर मुलं, खुर्च्यांवर आया. अध्यक्ष ऑफिसला गेले होते, शुक्रवार असूनही. बँक अधिकाऱ्यांचा मुलगा पहिल्यांदा उठला.

"आई सांगता, डाएट करता,
फ्रीज उघडून कोण मगे चरता?"

बायका हसल्या, एक सोडून. मग दुसऱ्यानं वडिलांच्या थर्मासमध्ये काय असतं ते सांगितलं. तिसरीनं नव्या सोफ्याची खरी किंमत आणि शेजाऱ्यांना सांगितलेली किंमत, दोन्ही. हशा हळूहळू कमी होत गेला आणि खुर्च्यांवरच्या बायका चहाच्या कपांत फार बारकाईनं बघायला लागल्या. शेवटी अध्यक्षांची धाकटी उठली. नऊ-दहा वर्षांची, दोन वेण्या. ती सुरू करणार तोच दार उघडलं आणि हातात फाईल घेऊन अध्यक्ष आत आले. मुलीनं त्यांच्याकडे बघितलं आणि थांबली नाही.

"पप्पा माझो मोठो साहेब,
शुक्रवारीसुद्धा घरातून गायब.
फोनवर आजयेक सांगता, झकास,
फोन ठेवता, मगे होता उदास."

मी डेकजवळ बसलो होतो, मी आवाज कमी केला. अध्यक्षांच्या पत्नी उठून मुलीकडे जायला लागल्या. अध्यक्षांनी हातानं त्यांना थांबवलं. फाईल खुर्चीवर ठेवली.

"परत म्हण," ते म्हणाले.

मुलीनं परत म्हटलं. या वेळी जरा हळू. ते मान खाली घालून ऐकत होते. मग तिच्यासमोर कोटासकट गालिच्यावर खाली बसले.

"उदास नसतंय गो चेडवा," ते म्हणाले. "दमतंय."

आम्ही सगळ्यांनी दाजींकडे बघितलं, कारण तसं बोलणारं त्या घरात दुसरं कोणी नव्हतं. पण दाजी बोलले नव्हते. मुलगी वडिलांकडे डोळे मोठे करून बघत होती. फोनवरचं ते 'झकास' तिच्या कानावर आलं होतं, पण त्यांना असं बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला पण येतं?"

"माझी आवस, तुजी आजी, वेंगुर्ल्याक असता," अध्यक्ष म्हणाले. "फोनार मी असोच बोलतंय तिच्याशी. दार लावून."

वर्ग त्या दिवशी बंद झाला. अध्यक्षांनी नाही, आयांनी बंद केला. फ्रीजवाल्या बाईंचं मत निर्णायक ठरलं. वसंत आम्हाला सोडायला गाडी घेऊन आला. मी मागं डेक मांडीवर घेऊन बसलो, दाजी पुढं. बंगल्याच्या फाटकातून बाहेर पडल्यावर मी म्हणालो, दाजी, वर्ग गेला तुमचा.

दाजींनी खिडकीची काच खाली केली.

"जांव दे," ते म्हणाले. "गाववालो गावलो."